मधला फर्मा

बाइंडिंगच्या कामात पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ असं कधी हाताला येत नाही. छापखान्यातून येतो तो मोठा कागद, लहान मुलाच्या दुपट्याएवढा. त्याच्या एका अंगाला आठ पानं, दुसऱ्या अंगाला आठ, आणि त्यातली निम्मी उलटी. पहिलं पान सोळाव्याच्या शेजारी बसलेलं. नवीन बाई आली की तिला वाटतं छापणाऱ्याने घोळ केलाय. या कागदाला आम्ही फर्मा म्हणतो. ठरल्याप्रमाणे तीन घड्या घातल्या की पानं आपापल्या नंबरावर येऊन बसतात. घडी अंगठ्याने घालायची आणि लाकडी पट्टीने दाबायची. असे फर्मे घडी घालून, एकात एक किंवा एकावर एक लावून, पिन मारून किंवा शिवून, कडा कापल्या की पुस्तक झालं.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी हे काम केलं. लग्न होऊन आले तेव्हा सुरू केलं आणि गाळा बंद होईपर्यंत केलं. मिस्टर गेल्यावर घरात मी एकटी, मूलबाळ नाही, त्यामुळे कामाला खाडा असा फारसा नव्हता. शाळा माझी चौथीपर्यंत. पण आयुष्यभर छापलेली पानं हातातून गेली, वाचायची सवय लागली, ती सुटली नाही. लिहायची सवय मात्र नव्हती. काम सुटल्यावर दुपार मोठी वाटू लागली म्हणून हे लिहीत बसले आहे.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंसुद्धा वेगवेगळी. एक ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, स्वतःच्या खर्चाने कवितांचं पुस्तक काढत होते. त्यांना वाटायचं, आपण समोर नसलो तर पानं खराब होतील. स्टूल घेऊन आमच्या टेबलाशी बसायचे आणि आम्ही घडी घालत असलेली कविता मोठ्याने वाचायचे. काशीबाई म्हणून आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, मालवणकडची. ती एक दिवस त्यांना म्हणाली, "बाबानू, तुमी वाचतास तवा माजो हात थांबता. हात थांबलो तर पुस्तक होवचा नाय." ते बिचारे उठून बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मग आम्हालाच चुकल्यासारखं वाटलं.

फर्मा चुकला की काय होतं त्याचीही एक गोष्ट आमच्या गाळ्यात नेहमी सांगत. एका स्वयंपाकाच्या पुस्तकात लावताना दोन फर्मे मागेपुढे झाले. उकडीच्या मोदकाचं सारण पान संपेपर्यंत नीट होतं, पान उलटलं की त्यात कोलंबी आणि तिरफळं. पुस्तक छापून घेणाऱ्या बाई शुद्ध शाकाहारी. आमचे शेठ कच्छी, भानुशेठ. ते हात जोडून उभे. सगळी पुस्तकं उसवून पुन्हा केली, आणि काशीबाई शिवता शिवता म्हणत राहिली की वाईट लागणार नाही, करून बघा.

पण मला सांगायचं आहे ते चित्रांच्या पुस्तकाबद्दल आणि वैशालीच्या सानिकाबद्दल.

वैशाली माझ्या शेजारी बसायची. तिचं घर पूर्वी गाळ्याच्या मागच्या वस्तीतच होतं. नाल्याच्या कामात ती वस्ती उठली आणि त्यांना मानखुर्दच्या पुढे नव्या इमारतीत खोली मिळाली. सातवा मजला, टाइल्स, घरात नळ. पहिल्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना पेढे दिले. नंतर हळूहळू बाकीचं कळत गेलं. लिफ्ट बंद, जिन्यात अंधार, कोण कुठून येऊन राहिलंय कुणाला ठाऊक नाही. तिची मुलगी सानिका सहावी पास झालेली. जवळच्या शाळेत मराठीचा वर्ग पाचवीपर्यंतच. त्यापुढची शाळा दोन मोठे रस्ते ओलांडून, आणि त्या बाजूला त्यांच्या इमारतीतलं एकही मूल जात नव्हतं. जुनी शाळा साकीनाक्याची, म्युनिसिपालिटीची, ती दुपारची. वैशाली सकाळी नऊला कामाला येणार, तेव्हा मुलीला बरोबर आणू शकत होती. पण नऊपासून साडेबारापर्यंत मुलीने बसायचं कुठे?

पहिले दोन दिवस ती गाळ्यात कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसली. भानुशेठनी पाहिलं.

"वैशाली, छोकरी आत नाय पायजे."

"काम नाय करत ती शेठ, अभ्यास करते."

"ते तुला माहीत, मला माहीत. कोणी येऊन फोटो काढला तर फोटोला माहीत हाय काय? बाळमजूर म्हणून माझ्यावर केस. माझा वाट लागला."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं. वैशाली खाली बघून घडी घालत राहिली आणि म्हणाली, "मग राहू दे घरी. सहावी झाली, पुष्कळ झालं." ती रागाने बोलली की दमून, मला समजलं नाही. पण त्या दिवसापासून सानिका यायची बंद झाली.

त्याच सुमारास ते पुस्तक आलं. एका संस्थेने शाळांतल्या मुलांना वाटायला करून घेतलेलं, आफ्रिकेतल्या एका खेड्यातली मुलगी शाळेत कशी जाते त्याचं. चित्रांचा कागद जाड, मशीनच्या घडीने त्याला चिरा पडतात, म्हणून ते हाताने करायचं ठरलं. पुस्तक दोन फर्म्यांचं. दोन फर्मे एकात एक बसवून मधोमध पिन मारायची असली की बाहेरच्या फर्म्यात गोष्टीची सुरुवात आणि शेवट असतो, आणि आतल्या फर्म्यात सगळा मधला भाग. आतल्या फर्म्याचा रंग छापखान्यात बिघडला, तो पुन्हा छापायला गेला. आमच्याकडे आधी नुसता बाहेरचाच आला.

त्या मुलीचं नाव अमीना. सुरुवातीच्या पानांत ती उठते, पाणी भरते, शेळ्यांना सोडते. मग दाराशी उभी राहून बघते. समोर लांबच लांब तांबडी वाट, दोन्ही बाजूंना उंच गवत, आणि वाटेवर कोणी नाही. मागे तिची आई उंबऱ्यात. आईचं तोंड इतकं काळजीचं काढलं होतं की घडी घालताना माझा अंगठा तिथून जरा हलकाच जायचा. आणि त्याच कागदावर पलीकडे शेवटची पानं. झाडाखाली शाळा, पुष्कळ मुलं, आणि अमीनाच्या पाठीला फडक्याने बांधलेला एक छोटा मुलगा. पहिल्या पानांत तर तिला भाऊ नव्हता.

"माती आपल्यासारकीच हा," काशीबाई म्हणाली. "ह्या आफ्रिका म्हंजे खंय इला?"

"लांब," वैशाली म्हणाली. "विमानाने जातात."

"आणि हो पाठीवरचो झील कोणाचो?"

कोणालाच माहीत नव्हतं. मग टेबलावर त्याचीच चर्चा. काशीबाई म्हणाली, मध्ये तिचं लगीन झालं असणार, पोर तिचंच. सगळ्या हसल्या. वैशाली म्हणाली, "गाडी आली असेल गं. कुठल्यातरी संस्थेची जीप. पुस्तकात असली गाडी येतेच. बसवून नेलं सगळ्यांना."

मला मनातल्या मनात वाटत होतं की होडी आली असेल. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी खाडीपलीकडे. वाडीतून तिकडे जाणारी मी एकटीच झाले असते. बाबा मुंबईला गिरणीत, घरी आई आणि आजारी काका. आई म्हणाली, एकटी पोर तरीत बसवून पाठवू कशी? तेवढ्यावर माझी शाळा झाली. त्यामुळे शाळेत जायची गोष्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी मोठं माणूस होडी घेऊन येतं.

काही दिवसांनी मधला फर्मा आला. पहिला कागद घडी घालून मी बाहेरच्या फर्म्यात बसवला आणि पट्टी खाली ठेवून बघितलं. वैशाली आणि काशीबाईही वाकल्या.

गाडी नव्हती, होडी नव्हती, कोणी मोठं माणूसही नव्हतं. अमीना वाटेला लागायच्या आधी शेजारच्या झोपडीशी जाते आणि हाक मारते. तिथून एक मुलगा निघतो. दोघं पुढच्या झोपडीशी जाऊन हाक मारतात. असं करत करत रांग वाढत जाते. एक मुलगा पुढे काठीने गवत झोडपत चालतो, साप असेल तर पळावा म्हणून. नदीपाशी सगळी मिळून एक लांब कापड धरून पलीकडे जातात. ज्याला चालवत नाही त्याला कोणीतरी पाठीवर घेतं.

"म्हंजे कोण येवक नाय," काशीबाई म्हणाली. "पोरांचीच पोरांका सोबत."

तो कागद वैशालीने माझ्यापुढून ओढून घेतला, पुन्हा पाहिला आणि ढिगावर ठेवला.

माझ्या मनात एकच आलं. आमच्या वाडीबाहेर, वरच्या अंगाला देवळापलीकडे, दोन घरांतली मुलं खाडीपलीकडे जायची. ती आमच्या दारावरून जात नसत. पण आईने मला त्यांच्या दाराशी नेऊन उभं केलं असतं तर? हे तेव्हा तिलाही सुचलं नाही आणि मलाही. इतक्या वर्षांनी एका चित्रावरून सुचलं, तेव्हा आई कधीच गेली होती.

माझी खोली गाळ्यापासून जवळच्याच चाळीत, आणि मी तिथे खाली मान घालून जाणारी बाई. पाणी भरते, दार लावते. समोरच्या खोलीतल्या रुबीनाची दोन मुलं आणि कोपऱ्यावरच्या घरातली एक मुलगी रोज बाराच्या पुढे दप्तरं घेऊन निघतात एवढं मला माहीत होतं. म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या एकाच इमारतीत खाली उर्दू, वर हिंदी आणि मराठी. म्हणजे रस्ता सगळ्यांचा एकच. सानिकाने सकाळी आईबरोबर यावं, माझ्या खोलीत बसावं, आणि या मुलांबरोबर शाळेत जावं. खोलीची किल्ली देणं मला सोपं होतं. अवघड होतं ते रुबीनाच्या दाराशी जाणं. आमचं बोलणं असं कधी झालं नव्हतं. मी दोनदा तिच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी तीच बाहेर आली.

"पानी का कुछ है क्या मौसी?"

"नहीं."

"नल को मोटर हमने नहीं लगाया, कसम से."

मी घाबरून सगळं एका दमात सांगून टाकलं, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतनी सी बात? मेरे को तो अच्छा है. ये दोनों रस्ते में मस्ती करते हैं. बड़ी लड़की रहेगी तो हाथ पकड़ेगी." मग आत वळून मुलांना ओरडली, "कल से मौसी के दरवाजे पे आवाज देने का, समझे?"

दुसऱ्या दिवशी वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "मालूताई, तू कुणाच्या दाराशी गेलीस? तू?" आणि हसत सुटली. मी पण हसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हसण्याचं असं आम्ही दोघींनी धरलं.

सानिकाची सातवी अशी झाली. सकाळी माझ्या खोलीत ती अभ्यास करायची. दहाला नळ आला की माझं पाणी भरून ठेवायची, मी नको म्हटलं तरी. बाराला मी जेवायला घरी आले की आम्ही दोघी बरोबर जेवायचो. तिला माझी सोलकढी आवडायची, भाकरी नाही आवडायची. मग दारात हाक यायची आणि ती निघायची. धाकट्या पोरांना नाक्याचा रस्ता तीच ओलांडून द्यायची, एका हाताला दोन, एका हाताला एक. रिक्षावाल्यांना हात दाखवून थांबवायची, पोलिसासारखी. संध्याकाळी परत त्याच रांगेने यायची आणि आईबरोबर घरी जायची.

कापताना एक प्रत तिरकी गेली होती, ती मी शेठला विचारून तिच्यासाठी आणली. तिने एका दमात वाचली.

"मावशी, हे बारक्या मुलांचं आहे."

"असू दे. चित्रं बघ."

"बघितली. पण त्यांना काय, नदीच तर ओलांडायची. नदी हॉर्न मारत नाही."

गणितात तिला चांगले मार्क पडले. शाळेतल्या बाई वैशालीला म्हणाल्या की हिला दहावीच्या आधी थांबवू नका. वैशालीने ते येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, बाईंच्या आवाजात. त्या दिवशी टेबलावर आम्ही दोघींनी कुणाला कळू न देता फार भराभर काम केलं.

मग गाळा गेला. सगळी इमारत पाडून नवी होणार होती. शेठने भिवंडीला जागा घेतली, तिथे घडीचं मशीन, पिनचं मशीन. तो म्हणाला, "मालूबाई, तिकडे येशील तर ये, पण मी गाडी नाय देऊ शकत." भिवंडीला जाऊन यायचं म्हणजे दिवस रस्त्यातच जाणार. काशीबाई गावी गेली. मी घरी बसले. वैशालीला तिच्या इमारतीपासून जवळ एका कँटीनमध्ये भाजी चिरायचं काम मिळालं. त्याच महिन्यात तिच्या सासूबाई गावाला परत गेल्या. तिचा धाकटा तीन वर्षांचा, त्याला आजवर त्याच सांभाळत होत्या.

आता सानिकाला साकीनाक्याला आणणारं कोणी उरलं नाही, आणि धाकट्याला बघणारंही.

मी मानखुर्दला गेले. सात मजले चढून गेले, दोनदा बसले. वैशालीने चहा केला. मी म्हटलं, "सानिकाला माझ्याकडे राहू दे. माझ्याकडे कोण आहे? शनिवारी येईल, सोमवारी जाईल. आठवी, नववी, दहावी. तीन वर्षं."

वैशाली धाकट्याला बिस्किट भरवत राहिली.

"ताई, तुझ्यावर माझा विश्वास आहे."

"मग?"

"मग ह्याला कोण बघणार? पाळणाघराला देऊ तर माझा पगार त्यातच जाईल. आणि हे म्हणतात, वयात आलेली पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही. तू दुसरी नाहीस, मला माहीत आहे. पण त्यांना कसं समजावू?"

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"तू?" ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

तिचा नवरा रिक्षा घेऊन गेलेला, तो येईपर्यंत मी थांबले. तो आला, मी बोलले. जेवढं बोलता आलं तेवढं सगळं बोलले. आयुष्यात कुठल्या पुरुषमाणसासमोर मी इतकं बोलले नव्हते. तो चांगल्या शब्दांत म्हणाला, "मावशी, बारका शाळेत जायला लागला की बघू." सानिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडेही नाही. बारक्याने सांडलेला चहा पुसायला ती फडकं आणायला गेली आणि मी खाली उतरेपर्यंत बाहेर आली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी रुबीनाची मुलं माझ्या दाराशी आली. मी सांगितलं की सानिका येणार नाही. धाकटी म्हणाली, "तो रस्ता कौन क्रॉस कराएगा?" मला काम नव्हतंच. मी चपला घातल्या.

तेव्हापासून मी जाते. आधी तिघं होती, आता पाच आहेत. मला रिक्षावाल्यांना थांबवता येत नाही, त्यामुळे आम्ही सिग्नल पडेपर्यंत उभे राहतो.

पहिले काही महिने सानिका दुपारी एकच्या सुमारास फोन करायची. बारका झोपला की करायची. पोरं गेली का, धाकटीने हात सोडला नाही ना, नाक्यावरचं खोदकाम बुजवलं का, हे सगळं विचारायची. मी सांगायची. मग मीच आपणहून जास्त सांगायला लागले. आठवीच्या बाई बदलल्या, वर्गाला नवा रंग दिला, सहल कुठे जाणार आहे, तिच्या वर्गातल्या मुली गेटवर भेटल्या आणि तिची आठवण काढत होत्या. मला वाटायचं तिला बरं वाटेल. तिचं मन तिकडे राहील, मग बारका मोठा झाला की ती सुटलेला धागा धरेल.

एक दिवस मी असंच सांगत होते की चाचणीचे पेपर मिळाले, गणिताचा सगळ्यांना अवघड गेला. पलीकडे बारक्याचं रडणं ऐकू येत होतं. तिने त्याला घेतलं असावं, कारण आवाज फोनच्या जवळ आला.

"मावशी."

"काय गं?"

"शाळेचं नको सांगत जाऊस."

मी बरं म्हटलं. मग जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, हो.